वस्तरा, हनुवटी आणि डावा हात

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी तासगावचा, वय 31. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब बघतो. दिवाळीपासून घरी वस्तऱ्यानं दाढी करायला शिकतोय. सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा नव्हे, दगडावर धार लावायचा खरा वस्तरा घेतलाय. गाल आता झकास होतात. पण हनुवटीला आणि नाकाखाली कापतं, जबड्याच्या कडेला खुंट तसेच राहतात आणि गळ्याच्या घाटीपाशी पुरळ उठतं. राहिलेले खुंट काढायला जोर दिला की रक्त येतं. मिशी ठेवतो, तिची कडही सरळ येत नाही. घरात सगळे म्हणतात, हे न्हाव्याचं काम, तुला कशाला पाहिजे? वडील 74 वर्षांचे आहेत. त्यांचे गाल बसलेत, हात थरथरतो. त्यांचीही दाढी मी वस्तऱ्यानं करून दिली तर चालेल का? आणि दोन महिन्यांनी मेहुण्याचं लग्न आहे, तोवर जमेल का?

— एक वाचक, तासगाव

उत्तर

प्रिय वाचक,

सगळ्यात आधी जोर द्यायचं बंद करा. बाकीचं सगळं त्यानंतर. खुंट राहिला की हात आपोआप दाबला जातो. सलूनमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांचं मी हेच बघतो, आणि रक्त येतं ते नेमकं तिथंच. खुंट राहतो तो धार उतरली म्हणून, केस पुरता भिजला नाही म्हणून, नाहीतर कातडी सैल सुटली म्हणून. यातलं काहीही दाबल्यानं सुधारत नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य म्हणजे 'गाल झकास होतात'. याचा अर्थ तुमचा उजवा हात तयार झालाय. गाल मुळातच सपाट, तिथं डाव्या हाताला फारसं काम नसतं. हनुवटी, वरचा ओठ, जबड्याची कड आणि घाटी या जागांवर मात्र सगळी मदार डाव्या हातावर असते. (तुम्ही डावखुरे असाल तर पुढचं सगळं उलट वाचा.) वस्तऱ्याचं पातं सरळ असतं, ते वाकत नाही, आणि प्लॅस्टिकच्या रेझरसारखी फिरती मानही त्याला नसते. म्हणून पातं वळणावरून फिरवायच्या भानगडीत पडायचं नाही. वळणावरची कातडी ओढून शेजारच्या सपाट जागेवर आणायची आणि तिथं पातं चालवायचं. पुढच्या वेळी सलूनमध्ये गेलात की चांगल्या कारागिराच्या डाव्या हाताकडं बघत बसा. उजवा हात जेमतेम मनगटातून हलतो. डावा मात्र सारखा जागा बदलत असतो, कधी कानशिलावर, कधी गालफडावर, कधी हनुवटीखाली.

त्या डाव्या हाताची बोटं कोरडी पाहिजेत. फेसानं माखलेलं बोट घसरतं, ताणलेली कातडी अचानक सुटते आणि पात्याखाली वळी येते. हनुवटीवरचे बहुतेक काप असेच होतात. खांद्यावर कोरडा पंचा ठेवा आणि दर वेळी बोटं पुसा. तरीही घसरत असतील तर तुरटीचा खडा ओला करून बोटांना चोळा, पकड चांगली येते.

आता धारेचं. खरा वस्तरा घेतलात याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्याच्याबरोबर रोजचं काम येतं. प्रत्येक दाढीच्या आधी वस्तरा पट्ट्यावर मारायचा, आधी कापडी बाजूवर वीस-पंचवीस वेळा, मग चामड्यावर चाळीस-पन्नास वेळा. पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेली हवीत, आणि पातं पाठीच्या दिशेनं ओढायचं, धार मागून आली पाहिजे. टोकाला पोचल्यावर वस्तरा उलटायचा तो पाठीवरून. धारेवरून उलटला तर पट्टाही चिरतो आणि धारही वळते. पट्टा ताणून धरा. सैल पट्ट्यावर धार गोल होते.

पट्ट्यानं धार सरळ होते, नवी लागत नाही. गळलेला एक केस बोटात लोंबता धरून धारेला नुसता टेकवून बघा. तटकन तुटला तर ठीक. नुसता वाकला तर पट्टा कितीही मारा, दगडच लागणार. आठ हजार किंवा बारा हजार ग्रिटचा बारीक दगड (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक), वर पाणी, आणि पाठ व धार दोन्ही दगडाला टेकवून धार पुढं ठेवून हलक्या हातानं घासायचं. पट्ट्याच्या बरोबर उलटी दिशा. एक हजार ग्रिटचा दगड फक्त धारेला खाच पडली असेल तर. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातच धारेचा कोन ठरून आलेला असतो, त्यामुळं पाठ दगडावरून उचलायची नाही. नखावर धार ओढून बघायची सवय काही जणांना असते. दाढीच्या तोंडावर ती करू नका, पट्ट्यावर कमावलेलं तिथं जातं.

एक शंका मला तुमच्या पत्रावरून येते. गाल मऊ केसांचे असतात, ते जरा बोथट धारेनंही निघतात. हनुवटीचे आणि ओठावरचे केस सगळ्या चेहऱ्यात राठ. गाल होतात आणि हनुवटी होत नाही, याचा अर्थ तुमची धार अर्धवट असू शकते. आधी हे तपासा, मग बाकीच्या गोष्टींना हात घाला.

पाण्याचंही बघा. आपल्याकडं मिरज-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं बोअरचं पाणी जड असतं. त्या पाण्यात साबणाचा फेस फुटून दह्यासारखा होतो आणि पातं अडखळत चालतं. तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर दाढीपुरतं पिण्याचं एक तांब्या गरम करून घ्या. केस भिजायला दोन-तीन मिनिटं लागतातच. आंघोळीनंतर दाढी केली तर हे काम आधीच झालेलं असतं. ब्रशनं फेस लावताना सुरुवात हनुवटी आणि वरच्या ओठापासून करा, तिथंच जास्त वेळ घोळवा, आणि वस्तरा लावताना याच जागा शेवटी घ्या. राठ केसाला मुरायला तेवढाच जास्त वेळ मिळतो. मध्ये फेस वाळला तर पुन्हा लावा. वाळक्या फेसावर वस्तरा नको.

आणि एक गोष्ट सगळ्या जागांना लागू आहे. पातं धारेला काटकोनात पुढं सरकतं तेव्हा केस कापतं. तेच लांबीच्या दिशेनं आडवं सरकलं की कातडी कापतं, सुरीनं भाजी चिरावी तसं. हनुवटी आणि ओठ या आखूड जागा आहेत, तिथं मनगट अवघडतं आणि पातं नकळत आडवं सरकतं. वस्तऱ्याचं नाक, म्हणजे पात्याचं पुढचं टोक, चौकोनी असेल तर त्याचा टोकदार कोपराही लागतो. गोल नाकाचा वस्तरा शिकताना बरा. तुमचा चौकोनी असेल तर बदलायची गरज नाही, पण नाकाखाली जाताना त्या कोपऱ्यावर डोळा ठेवा.

हनुवटी

हनुवटीला एकच जागा समजू नका. बाजूचे दोन उतार, मधला गोळा, ओठाखालचा खड्डा आणि खालची बाजू, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

बाजूच्या उतारापासून सुरू करा. उजव्या बाजूसाठी डाव्या हाताचा अंगठा हनुवटीच्या उजव्या उतारावर ठेवून कातडी कानाच्या दिशेनं, जबड्याच्या सपाट हाडावर ओढून घ्या. मघाशी गोळ्यावर असलेला केस आता जबड्याच्या बाजूला येतो. तिथं वरून खाली, बोटाच्या एका पेराएवढे आखूड फटके. डाव्या बाजूला तसंच उलट. असं दोन्हीकडून ओढून घेतलं की मधल्या गोळ्यावर फार थोडे केस उरतात. त्यांच्यासाठी खालचा ओठ आत दातांवर घट्ट ओढून घ्या, हनुवटी पुढं करा, आणि अगदी आखूड, हलके फटके. गोळ्यावर लांब फटका मारायचा नाही. कारण असं की मूठ जागच्या जागी राहते आणि हनुवटी खाली वळत जाते. फटका जिथं सुरू झाला तिथं पातं साधारण 30 अंशांवर असतं, अर्ध्या वाटेत तो कोन बिघडलेला असतो. दर फटक्याला थांबा, पातं उचला, कोन पुन्हा बसवा. हळू वाटेल. पण हनुवटीला घाई केलेली दाढी मी बघताक्षणी ओळखतो.

ओठाखालचा खड्डा हा खरा त्रासाचा. पात्याची पूर्ण रुंदी तिथं बसत नाही, दोन्ही कडांवर टेकते आणि मधले केस तसेच राहतात. काही जण आतून जीभ लावून तो भाग फुगवतात. मला ते पटत नाही. जीभ स्थिर राहत नाही आणि कातडी गोल होते, सपाट होत नाही. त्यापेक्षा बोटानं हनुवटीची कातडी खाली ओढा, मान थोडी मागं न्या, आणि पात्याच्या नाकाकडचा अर्धा इंच तेवढाच वापरून वरून खाली जा. बाजूच्या केसांचा कल मध्याकडं असतो, त्यांना तिरपं, बाहेरून आत घ्यायचं. दोन वेळा हात फिरवून जे राहील ते राहू द्या. त्या जागेचा गुळगुळीतपणा कुणी बघत नाही, काप मात्र सगळ्यांना दिसतो.

खालची बाजू मान वर करून. कातडी गळ्याकडं खाली ओढायची, म्हणजे हनुवटीच्या काठावरची गोलाई उलगडते.

नाकाखाली आणि मिशीची कड

तुम्ही मिशी ठेवता म्हणजे नाकाखालचं अर्धं काम कमी झालं. उरतात त्या दोन कडा आणि तोंडाच्या कोपऱ्यांजवळचा भाग.

कड सरळ न येण्याचं कारण बहुतेक वेळा फेस असतो. फेसाखाली रेघ दिसत नाही, अंदाजानं जाता, आणि मग एक बाजू वर, दुसरी खाली. कडेचं काम फेस पुसून करा. जागा ओली ठेवा, खोबरेल तेलाचा एखादा थेंब बोटानं चोळा, म्हणजे पातं सरकतंही आणि रेघही दिसते. आधी दोन्ही बाजूंना, तोंडाच्या कोपऱ्यापाशी, एकेक छोटी खूण पाडून घ्या. आरशापासून मागं सरून त्या खुणा एका पातळीत आहेत का बघा, आणि मगच मध्ये या. एका बाजूची पूर्ण कड करून दुसरी तिच्याशी जुळवायला गेलात तर मिशी दोन्हीकडून बारीक होत जाते. खालच्या कडेला ओठ आत ओढून घट्ट करायचा. वरच्या कडेला नाकाचं टोक डाव्या हातानं हळूच वर आणि बाजूला.

कधी मिशी काढायची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. नाकाखाली मधोमध पन्हळ असते, तिच्या दोन्ही कडा उंच असतात, त्यामुळं पातं कडांवर टेकतं आणि पन्हळीतले केस सुटतात. वरचा ओठ दातांवर खाली ओढून एका गालाकडं सरकवा, पन्हळ तिथं सपाट होते. फटके वरून खाली, सेंटिमीटरभराचे. दुसऱ्यांदा घ्यायचं तर कोपऱ्याकडून मध्याकडं. खालून वर, उलट्या दिशेनं तिथं जाऊ नका. उजव्या हातानं डावी बाजू करताना हाताचीच सावली आरशात येते, तेव्हा हात तोंडावरून आडवा न आणता कोपर वर उचलून या.

जबडा

जबड्याची कड म्हणजे हाडाची धारच. तिच्यावर पातं टेकलं तर एका रेषेत टेकतं, आजूबाजूचे खुंट राहणारच. तिथं कधी थेट कडेवर जाऊ नका. डाव्या हाताची बोटं कानाच्या पुढं, कल्ल्याच्या जागी ठेवून कातडी वर ओढा. जबड्याखालची बोटभर कातडी वर चढून गालावर येते. ती तिथंच, सपाट गालावर करून टाका. मग हात सोडा, मान विरुद्ध बाजूला कलवा, कातडी गळपट्टीच्या हाडाकडं खाली ओढा आणि उरलेलं करा. कडेवरचे खुंट असे वरून आणि खालून, दोन्हीकडून निघतात.

कानाच्या पाळीखाली जबड्याचा कोपरा असतो, तिथं बऱ्याच जणांचे केस खाली न जाता मागं जातात. पाळी दोन बोटांनी पुढं धरून केसांच्या कलानं मागच्या बाजूला जा. आमच्याकडं तालमीतली पोरं येतात, त्यांचे कान मार खाऊन सुजून घट्ट झालेले असतात, पाळी दुमडतच नाही. त्यांच्या कानामागं हात नेताना अजूनही मी श्वास धरतो. तुमचा कान सरळ असेल तर ही जागा सोपी आहे.

गळा आणि घाटी

इथलं पुरळ कापण्यानं आलेलं नाही, उलट्या हातानं आलंय असं मला वाटतं. गळ्यावर केस एका दिशेनं वाढत नाहीत. घाटीच्या वर ते खाली जातात, खाली काहींचे आडवे, काहींचे चक्क वर, आणि पुष्कळांना एका बाजूला भोवरा असतो. तुम्ही सरसकट वरून खाली किंवा सरसकट खालून वर जात असाल, तर निम्म्या केसांना उलटी दाढी होतेय. उलटा ओढलेला केस कातडीच्या आत जाऊन कापला जातो, वाढताना वळून पुन्हा आत शिरतो, आणि तिथं फोड येतो. कुरळ्या केसांना हे जास्त होतं.

दोन दिवस दाढी करू नका. मग बोटानं गळ्यावर वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून हात फिरवा. ज्या दिशेला खरखर लागत नाही ती त्या जागेची सरळ दिशा. पाहिजे तर कागदावर गळा काढून बाण मांडा. हा नकाशा एकदाच करायचा, आयुष्यभर पुरतो. पहिला हात प्रत्येक जागी त्याच दिशेनं. दुसरा घ्यायचा असेल तर पुन्हा फेस लावून आडवा. गळ्यावर उलटा हात घ्यायचा नाही, कितीही खरखर राहिली तरी. आत्ता जिथं फोड आहेत तिथं साधारण महिनाभर वस्तरा लावूच नका. ट्रिमरनं केस थोडे वर ठेवून कापा, आत शिरलेले केस आपोआप बाहेर येतील. पू धरला, किंवा फोडांच्या जागी कातडी जाड व्हायला लागली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता घाटी. तिच्यावर थेट पातं नेलं तर ते उंचवट्यावर चढतं आणि उतरताना कातडीत घुसतं. गिळून घाटी वर घ्या आणि तेवढ्यात फटका मारा, असं काही जण सांगतात. गिळलेल्या स्थितीत कुणाला किती वेळ थांबता येतं? पात्याखाली घाटी परत आली की काप ठरलेला. त्यापेक्षा मान एका बाजूला वळवा, घाटीवरची कातडी बोटांनी बाजूला, गळ्याच्या मांसल भागावर ओढून घ्या, आणि तिथं हलकेच करा. घाटी आत राहते, कातडी तेवढी सरकून येते. मग दुसरी बाजू. पातं गळ्याला लागलेलं असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही. न्हाणीघराचं दार आतून लावून घ्या. लहान मूल धावत येऊन पायाला बिलगतं आणि हात हलतो.

कापलंच तर स्वच्छ कापड काही मिनिटं दाबून धरा, मग ओली तुरटी. तीळ किंवा चामखीळ असेल तिथं फेसाखाली ती दिसत नाही, आधीच बोटानं जागा पाठ करून ठेवा आणि वळसा घालून जा. काम झालं की वस्तरा धुऊन पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ठेवू नका, कार्बन स्टीलला एका रात्रीत तांबेरा चढतो.

तुमच्या घरच्यांच्या बोलण्याबद्दल. 'न्हाव्याचं काम' हे शब्द आमच्या घरानं पिढ्यान् पिढ्या ऐकलेत, आणि ते कुठल्या सुरात म्हटले जातात हे मला चांगलं कळतं. माझ्या आज्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, वाटी आणि आरसा असायचा, आणि वर्षभर गावाच्या दाढ्या केल्यावर सुगीला बलुत्याचं धान्य मिळायचं. ही माणसं हलकी नव्हती. 1659 साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला याच समाजातला, आणि प्रतापगड आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातच आहे. 1890 मध्ये सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. पोटाचा धंदा पणाला लावून त्यांनी वस्तरा खाली ठेवला. हे काम शिकताना तुम्हाला संकोच वाटायचं काहीच कारण नाही. घरच्यांना सांगा, की हे न्हाव्याचंच काम आहे, म्हणून तर शिकायला इतका वेळ लागतोय.

वडिलांची दाढी

याचं उत्तर आधी एका प्रश्नावर अवलंबून आहे. वडील रक्त पातळ होण्याची गोळी घेतात का? अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी एखादी चालू असेल तर वस्तरा नको. बारीक कापही लवकर थांबत नाही. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक ट्रिमर घ्या. साखर असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा, जखम भरायला वेळ लागतो.

गोळी नसेल तरीही तुमचा वस्तरा त्यांना वापरायचा नाही, आणि त्यांचा तुम्ही नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात, आणि पात्यावर राहिलेलं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. अख्ख्या महाराष्ट्रातल्या सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला तो याच भीतीपोटी, आणि ते योग्यच झालं. वडिलांसाठी तसाच घ्या, दर वेळी नवं ब्लेड. पण एक ध्यानात ठेवा. हे नवं ब्लेड तुमच्या वस्तऱ्यापेक्षा कडक लागतं, त्याचे कोपरे टोचतात, आणि दाब तर अजिबातच चालत नाही. आधी स्वतःच्या गालावर त्याचा हात बसवा, मग त्यांच्या.

बसलेल्या गालाला उपाय आहे. कवळी असेल तर दाढीच्या वेळी घालायला लावा, गाल निम्मा भरून येतो. नसेल तर तोंडात हवा भरून गाल फुगवायला सांगा. तेही जमत नसेल तर तुमचं स्वच्छ धुतलेलं बोट आतून लावून गाल बाहेर घ्या आणि त्या फुगवट्याच्या सपाट भागावरच करा. म्हातारपणी कातडी पातळ आणि सैल होते, म्हणून डाव्या हातानं ताण जास्त द्यावा लागतो आणि उजव्यानं वजन त्याहूनही कमी. खुर्चीला पाठ आणि डोकं टेकायला उशी हवी. हात थरथरतो म्हणता, तर मानही थोडी हलत असेल. मान हलत असेल तर ओठ आणि गळा ट्रिमरनं, फक्त गाल वस्तऱ्यानं. त्यांना एवढं पुरेसं वाटेल. मुलानं समोर बसून दाढी करून दिल्यावर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा उजळतो, हे मी सलूनमध्ये पुष्कळदा पाहिलंय, म्हणून हे काम सोडू नका असंच मी म्हणेन.

लग्न

दोन महिने पुरतात. पहिला महिना गळ्याला विश्रांती आणि धारेवर मेहनत. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुट्टीच्या दिवशी, घड्याळ न बघता दाढी करा, आणि दर वेळी एकाच अवघड जागेकडं लक्ष द्या. एका आठवड्यात हनुवटी, पुढच्या आठवड्यात जबडा. सगळं एकदम सुधारायला गेलात तर कुठल्या बदलानं काय झालं ते कळत नाही.

लग्नाची दाढी लग्नाच्या दिवशी सकाळी करू नका. घरात गर्दी, आरशासमोर चौघं उभे, कुणी हाका मारतंय, अशात वस्तरा हातात घेण्यासारखं दुसरं वाईट काही नाही. आदल्या संध्याकाळी करा. रात्रीतून कातडी निवते आणि सकाळी लाली दिसत नाही. त्या संध्याकाळी नवा साबण नको, नवा दगड नको, आधी कधी न केलेला हात नको. आणि हनुवटीखाली दोन खुंट राहिलेच तर ते तसेच राहू द्या.